आमची वाटचाल : रॅकवरची एक रात्र

मोजमापाची उपकरणं तपासणं आणि दुरुस्त करणं हा आमचा धंदा. व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज, असलंच सगळं. आज आम्ही तिघं आहोत. सुरुवातीला मी एकटाच होतो, आणि तोही फक्त रविवारपुरता.

त्याआधी 9 वर्षं एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काढली. नोकरीला वैतागून बाहेर पडलो असं सांगायला बरं वाटलं असतं, पण तसं काही नव्हतं. पगार वेळेवर व्हायचा, साहेबही बरे होते. फक्त लहान वर्कशॉपवाल्यांची एक कुरकुर सारखी कानावर यायची, की दोन-चार उपकरणं घेऊन गेलं तर मोठ्या लॅबवाले धड बोलतही नाहीत. ते काम मला येत होतं.

राजीनाम्याच्या कितीतरी आधी एका रात्री कपाटातून नेमणूकपत्र शोधून काढलं आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. नोकरीत असताना लेखी परवानगीशिवाय बाहेरचं काम करायचं नाही, असं कलम त्यात होतं. गुपचूप करणारे पुष्कळ असतात. मला ते झेपलं नसतं. साहेबांना विचारलं. कंपनीची साधनं वापरायची नाहीत आणि कंपनीच्या पुरवठादारांचं काम घ्यायचं नाही, या अटींवर परवानगीचा कागद मिळाला. दुसरी अट जड गेली, कारण माझ्या ओळखीचे तेवढेच लोक होते.

तरी गिऱ्हाईक मिळालं. सकाळी द्या, संध्याकाळी न्या, असं मी छातीठोकपणे सांगायचो. तिथेच फसलो. एकाने 100 मिमीचा सेटिंग रॉड, म्हणजे मायक्रोमीटर जुळवायची ठरलेल्या लांबीची कांडी, आणून दिला, उन्हात उभ्या असलेल्या गाडीतून थेट. मी तो लगेच स्लिप गेजशी (नेमक्या मापाच्या पोलादी ठोकळ्यांशी) ताडून पाहिला, 6 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे 6 हजारांश, जास्त भरला, आणि बाद ठरवला. त्याने दुसरीकडे दाखवला तर रॉड अगदी बरोबर. लांबीचं माप 20 अंश सेल्सियसला धरायचं हे जगाने 1931 सालीच ठरवलंय. पोलाद दर मीटरला दर अंशामागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. रॉड माझ्या स्लिप गेजपेक्षा 5 अंशांनी गरम असला तरी 100 मिमीत जवळपास 6 मायक्रॉन होतात. हे मला पाठ होतं, नव्या पोरांना मीच शिकवायचो. कारखान्यात उपकरण आलं की रात्रभर रॅकवर थंड व्हायला ठेवायचो, कारण त्या रात्रीचे पैसे माझ्या खिशातून जात नव्हते. स्वतःचं सुरू केलं आणि ती रात्र मला नुकसान वाटायला लागली.

माफी मागितली, काम फुकट करून दिलं. गिऱ्हाईक टिकलं, का ते अजून कळलेलं नाही.

त्याच सुमारास बायकोने विचारलं, "तुझ्या एका तासाला पडतात किती?" ती हिशेबातली. मी पगाराला महिन्याच्या तासांनी भागून आकडा सांगितला. ती हसली. म्हणाली, आधी महिनाभर वहीत लिही, कुठला तास कशात गेला. लिहिलं. 8 तासांच्या दिवसात बिल लावता येईल असं काम जेमतेम 4 तास. बाकीचे आणण्या-पोचवण्यात, फोनवर, दाखले टाइप करण्यात, वसुलीत. म्हणजे निम्म्या तासांनी सगळा दिवस पोसायचा. वर माझ्या स्लिप गेजचंही कॅलिब्रेशन, म्हणजे प्रमाण मापाशी ताडून तपासणी, ठरलेल्या मुदतीने वरच्या दर्जाच्या लॅबकडून करून घ्यावं लागतं, आजारपणाची रजा आता बिनपगारी, आणि रिकामा आठवडा येतोच. खरा दर माझ्या आकड्याच्या अडीचपट निघाला. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं तपासली, स्वतःचंच चुकलेलं होतं.

दर वाढवला तेव्हा पाच गिऱ्हाइकांतले दोन गेले. तिघांच्या कामात मात्र पूर्वीच्या पाचांपेक्षा जास्त उरायला लागलं.

राजीनामा द्यायचा कधी, यावर घरात बराच काथ्याकूट झाला. शेवटी ठरलं, की 6 महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला आणि रविवारच्या कामातून सलग 3 महिने निम्मा पगार सुटला, की द्यायचा. हे जमायला दीड वर्ष लागलं. धंद्याचं बँक खातं तेव्हाच वेगळं केलं. ते पहिल्या दिवशी करायला हवं होतं. घरचं आणि धंद्याचं वेगळं काढण्यात आमचे कितीतरी रविवार गेले.

तरीही 6 महिने पुरले नाहीत. कारण उधारी. मोठ्या गिऱ्हाइकाची बोली 60 दिवसांची, पण दिवस मोजायचे बिल नोंदवल्यापासून. बिलावर ऑर्डर नंबर नाही म्हणून ते परत येतं, दुरुस्त करून पाठवलं की पुढच्या फेरीत जातं, आणि हातात पैसा येईपर्यंत 100 दिवस उलटतात. चौथ्या महिन्यात वहीत नफा होता आणि खात्यात खडखडाट. तेव्हापासून नव्या गिऱ्हाइकाकडून निम्मे पैसे आगाऊ. मागताना पहिल्या वेळी जीभ अडखळली होती. समोरच्याने मात्र सहज दिले.

आमच्या दरपत्रकात आता एक ओळ आहे: 'तापमान स्थिर होण्यासाठी 1 रात्र'. खरेदी विभागातली माणसं ती खोडून मागतात. आम्ही खोडत नाही. परवाच एकाचा संध्याकाळी फोन आला, गेज आत्ताच्या आत्ता हवाय म्हणून. सांगितलं, रॅकवर आहे, उद्या सकाळी या.