सगळ्यांच्या वर्गणीतून उभा राहिलेला पोप

आज इस्तंबूलला सेंट एस्प्री कॅथेड्रलच्या अंगणात पोप पंधरावे बेनेडिक्ट यांचा पुतळा पाहिला आणि मन भरून आलं.

१९१४ च्या सप्टेंबरात ते पोप झाले, तेव्हा पहिलं महायुद्ध नुकतंच पेटलं होतं. दोन्ही बाजूंना कॅथलिक सैनिक! त्यांनी कुणाचीच बाजू घेतली नाही. युद्धकैद्यांची, बेपत्ता सैनिकांची खबर घरच्यांना मिळावी म्हणून व्हॅटिकनमध्ये खास व्यवस्था उभी केली. १९१५ मध्ये ऑटोमन साम्राज्यात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, आर्मेनियन ख्रिश्चनांची कत्तल होत होती; त्यांचे जीव वाचवा, असं थेट इस्तंबूलच्या ऑटोमन सुलतानाला लिहिलं. १९१७ मध्ये युद्धाला ‘निरर्थक कत्तल’ म्हणत शांततेचा प्रस्ताव पाठवला. कुणी ऐकलं नाही.

पण या शहरानं त्यांची आठवण ठेवली. पुतळा १९२१ चा, म्हणजे ते हयात असतानाचा. वर्गणी मुसलमानांनी दिली, ज्यूंनी दिली, ख्रिश्चनांनी दिली, खुद्द सुलतानानंही दिली. राष्ट्र आणि धर्म न बघता सर्वांवर उपकार करणारा, असं खाली कोरलंय. जानेवारी १९२२ मध्ये ते गेले.

इस्तंबूलला याल तेव्हा इथं नक्की या. तक्सीम चौकातून चालत येता येतं.