बापाची ‘ना’ आणि तीस दिवसांची नोटीस

धरमपेठेतल्या बंगल्यातली मुलगी आणि पाचपावलीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा मुलगा. दोघं सज्ञान, दोघांचं पक्कं ठरलेलं. मुलीच्या बाबांचंही ठरलेलं: “आपल्या बरोबरीचं घर नाही.” नागपुरात हे वाक्य कधी जातीसाठी वापरतात, कधी पैशासाठी, आणि बरेचदा दोन्हीसाठी एकदमच. जात वेगळी असेल तर आंतरजातीय विवाहाची सरकारी मदत तरी मिळू शकते. गरीब-श्रीमंत लग्नासाठी कुठलीही योजना नाही. असं लग्न अडतं ते बहुतेक वेळा कागदांवर.

आधी कायदा. विशेष विवाह कायदा, १९५४ मध्ये आईवडिलांच्या संमतीची अट नाही. मुलगा २१ वर्षांचा, मुलगी १८ ची, दोघांपैकी कुणाचंही आधीचं लग्न अजून कायम नसावं, नातं निषिद्ध नसावं आणि संमती देण्याइतकी मानसिक स्थिती ठीक असावी, एवढंच. दोघांपैकी एकाने तरी लग्नाच्या इराद्याच्या नोटिशीच्या आधी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं असलं पाहिजे. नोटीस विवाह अधिकाऱ्याकडे जाते, कार्यालयात लावली जाते, आणि ३० दिवस आक्षेपांची वाट पाहिली जाते. आक्षेप याच अटींवर घेता येतो. “पोट्टा कमावते काय?” हा आक्षेप होत नाही. उलट खोटा, मुद्दाम घेतलेला आक्षेप ठरला तर आक्षेप घेणाऱ्यावर १,००० रुपयांपर्यंत खर्च बसवता येतो. ही रक्कम १९५४ च्या काळातली, आज बंगलेवाल्या बापाला तिचं काय!

तारखांचं गणित नीट करा. ५ जूनला नोटीस दिली तर लग्न ५ जुलैनंतर, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यापर्यंत. ते हुकलं की नोटीस रद्द, पुन्हा पहिल्यापासून. बाबांना नोटीस कळली की मुलीला “आजी आजारी आहे” म्हणून रायपूरला किंवा पुण्याला पाठवतात ते याच मुदतीत. आणखी एक खाच: दोघांपैकी कुणाचा कायमचा पत्ता गोंदिया किंवा चंद्रपूरचा असेल, तर नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथेही लागते. नोटीस घरी पोस्टाने पाठवावी असं मात्र कायद्यात कुठेच नाही.

आता कागद. श्रीमंत घरात मुलीची दहावीची सनद, जन्मदाखला, पासपोर्ट सगळं बाबांच्या कपाटात. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बाबांचा, सिमही त्यांच्याच नावावर, बँकेचं खातं आईसोबत. म्हणून नोटिशीच्या दोन महिने आधी आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. बोटांचे ठसे पुरतात, जुन्या नंबरावरचा ओटीपी लागत नाही. जन्मदाखल्याची दुसरी प्रत महापालिकेतून निघते, सनदेची दुय्यम प्रत बोर्डाच्या नागपूर विभागीय कार्यालयातून. स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातंही याच काळात उघडा.

गरीब घराची अडचण उलट. तिथे कपाटात कागदच कमी. जन्माची नोंद नाही, आणि शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून टाकलेला. आधारवर वेगळी तारीख, टीसीवर वेगळी. अधिकारी अशी फाइल परत पाठवतो, आणि दुरुस्तीत महिना सहज जातो. भाड्याचा करार असला तर तोही नुसता नोटरी केलेला, नोंदणी न केलेला. अशा वेळी मतदार ओळखपत्र आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक आधीच अद्ययावत करून ठेवा. दर फेरीला एक रोजी बुडते, हेही हिशेबात धरा. म्हणून सगळे कागद एकदाच तपासून घ्या.

साक्षीदार तीन लागतात, आणि त्यांचा विचार लोक सगळ्यात शेवटी करतात. मुलीच्या बाबांच्या दुकानात किंवा कारखान्यात काम करणारा मित्र साक्षीला घेऊ नका. नोटीस लागल्यावर त्याचीच नोकरी पहिली जाते.

मुलगा स्वतःच त्यांच्याकडे कामाला असेल, ड्रायव्हर, मुनीम, काहीही, तर हा भाग दोनदा वाचा. पळून गेल्यावर पहिली तक्रार ‘मुलगी हरवली’ची असते, दुसरी चोरीची. नोकराने मालकाच्या मालमत्तेची केलेली चोरी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ खाली वेगळा गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. म्हणून काम सोडताना गाडी, किल्ल्या, रोकड, हिशेबाची वही लेखी परत करा आणि पोच घ्या. मुलीने घरातला एकही दागिना नेऊ नये, आजीने दिलेला गोफसुद्धा. अंगावर असलेले काढून कपाटात ठेवा, फोटो घ्या.

घर सोडल्यावर त्याच दिवशी मुलीने संबंधित ठाण्यात अर्ज द्यावा: मी सज्ञान आहे, स्वखुशीने गेले आहे, सोबत वयाचा पुरावा. शिक्क्याची पोच सांभाळा. धमकी असेल तर ११२. २००६ च्या लता सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की पालक फार तर संबंध तोडू शकतात, धमकावू किंवा त्रास देऊ शकत नाहीत. २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा देण्याचे निर्देश आहेत. मुलीला घरात डांबलं असेल तर सिव्हिल लाईन्समधल्या उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात हेबियस कॉर्पस याचिका, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी मागणी. वकिलाचे पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१००. स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, बंगल्यातल्या मुलीलाही नाही. पण मुलगी १८ ला एक दिवस जरी कमी असेल तर थांबा. तिथे संमती चालत नाही, पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो.

कोर्टाबाहेर “एका दिवसात कोर्ट मॅरेज” म्हणणारा दलाल भेटतोच. तो करतो ते असं: मंदिरात हार, एक प्रमाणपत्र, मग महापालिकेच्या झोन कार्यालयात १९९८ च्या राज्य कायद्याखाली नोंदणी. दोघंही हिंदू किंवा बौद्ध असतील तर हा रस्ता वैध आहे आणि त्यात ३० दिवस थांबावं लागत नाही, पण विधी खरोखर झालेला हवा. विधीशिवाय नुसत्या नोंदणीने हिंदू विवाह होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. भटजी किंवा भंतेजींची सही, फोटो, साक्षीदार, सगळं जपून ठेवा.

बाबांच्या एका प्रश्नाला मात्र उत्तर द्यायलाच हवं: घर चालणार कसं? त्याला “प्रेम आहे” हे उत्तर नाही. पगाराची स्लिप, भाडं, कर्जाचा हप्ता एका कागदावर लिहून, मुलाच्या मामांसारख्या वडीलधाऱ्याला सोबत घेऊन एकदा बोलून पाहावं. कधी कधी वर्षभराने तोच कागद बाबांच्या खिशात सापडतो.

नंतर वर्तमानपत्रात ‘मुलीशी संबंध नाही’ अशी जाहीर सूचना येते. त्या सूचनेने मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा जात नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगीही सहदायाद, म्हणजे मुलासारखीच जन्मापासून हिस्सेदार, आहे. स्वकष्टार्जित मिळकत मात्र ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात. विशेष विवाह कायद्याखाली लग्न केल्याने एकत्र कुटुंबातून नाव कटतं ही भीतीही जुनी. १९७६ पासून दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर असं नाव कापणारं कलम लागू होत नाही.

लग्नाच्या प्रमाणपत्राच्या तीन-चार प्रमाणित प्रती लग्नाच्याच दिवशी काढा, आणि पुढच्या पगाराआधी दोघांच्याही पीएफचं नॉमिनेशन बदला.