साठवण : 12 इंचांची वाकळ

रविवार, रात्र

मुदतीत एक छोटी वाकळ, म्हणजे गोधडी, शिवून पाठवायची आहे. तिचा विषय आला : साठवण. माप 12 इंच बाय 12 इंच, कमी नाही की जास्त नाही. मुदत पुढच्या रविवारपर्यंत.

वाकळीच्या मानाने एवढं माप म्हणजे एक ठिगळ, आणि अवघड आहे ते त्यामुळेच. अंथरुणभर वाकळीत एखादी पट्टी तिरकी गेली तरी खपून जाते, कधी कधी शोभतेसुद्धा. 12 इंचांत पाव इंचाचा तिरकेपणा सगळ्यात आधी नजरेत भरतो.

साठवण म्हटलं की उतरंड, कणगी, लोणच्याच्या बरण्या लगेच डोळ्यापुढे येतात. शिवायला उतरंड सोपी आहे, पण ती सगळ्यांनाच सुचणार. सांगलीत बसून साठवणीवर काही करायचं तर हरिपूरचं पेव घ्यावं. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या घट्ट मातीत खणलेलं, वर माणूस उतरेल एवढंच तोंड, खाली फुगत गेलेलं पोट आणि आत हळद. आता हळद बहुतेक गोदामांत आणि शीतगृहांत राहते. पेवं आठवणीतच जास्त उरली आहेत.

पेवाचा उभा छेद चार रेघांत ओळखू येतो. मुदतीच्या कामाला विषय निवडताना हीच कसोटी लावावी : वहीच्या पानावर पेन्सिलने काढला तर न सांगता कळतो का? आकार दोन, फार तर तीन. त्याहून जास्त घेतले की निम्मा आठवडा कातरण्यात जातो आणि हाताच्या टाक्याला वेळच उरत नाही. वाकळीला वाकळपण येतं ते टाक्यामुळे, तेव्हा वेळ कमी पडणार हे धरून चित्रातच काटछाट करावी, टाक्यात करू नये.

कागदावर ठरलेली मापं : वर जमीन 2 इंच. पेवाची मान दीड इंच रुंद, 2 इंच उंच. पोट 7 इंच रुंद, साडेसहा इंच उंच. खाली दीड इंच माती.

सोमवार

आजचा दिवस रंगांचा. सगळे पिवळे तुकडे सकाळच्या उजेडात खिडकीपाशी मांडले. रात्रीच्या पांढऱ्या दिव्याखाली फिकट पिवळा जवळजवळ पांढरा दिसतो आणि मोहरी रंग हिरव्याकडे झुकतो, म्हणून पिवळ्याची निवड दिव्याखाली करूच नये.

पेवातली हळद म्हणजे गर्द पिवळा, असं मन आधीच ठरवून बसतं. प्रत्यक्षात शिजवून वाळवलेलं हळकुंड पॉलिश होईपर्यंत वरून मातकट, तपकिरी, सुरकुतलेलं असतं. पिवळा धमक रंग असतो आत, मोडल्यावर दिसणारा. सांगलीच्या बाजारात राजापुरी हळदीचे सौदे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून पेवाच्या आतल्या भागासाठी जोडायच्या पाच पिवळ्या पट्ट्यांतल्या चार मोहरी, गवती, मातकट अशा दबलेल्या घेतल्या आणि खऱ्या हळदी रंगाची एकच, तीही सगळ्यात अरुंद. पाचही उजळ घेतल्या असत्या तर पेवाच्या जागी पिवळा घडा दिसला असता. सहावी पट्टी काळपट, मानेतल्या रिकाम्या जागेसाठी.

घरीच हळदीत कापड रंगवावं असा मोह या विषयाला होणारच. रंगतं ते सोपं : 100 ग्रॅम धुतलेल्या सुती कापडाला 20 ग्रॅम हळदपूड, 2 लिटर पाणी, उकळी न येऊ देता पाऊण तास, मग सावलीत वाळवणं. तुरटी नसली तरी सुती कापड हा रंग धरतं. अडचण पुढे आहे. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, खिडकीसमोर टांगलेला तुकडा बघता बघता फिका पडतो. साबण लागला की लाल डाग उठतात, कारण साबण अल्कधर्मी असतो. लिंबाच्या पाण्याने डाग परत पिवळा होतो, पण पुढच्या धुण्यात पुन्हा तेच. पारंपरिक कुंकूही हळदीला चुन्याची जोड देऊनच लाल होतं. त्या नात्यासाठी कडेचा गोट कुंकवाच्या लाल रंगाचा ठरवला, मात्र लाल आणि पिवळा दोन्ही बाजारच्या पक्क्या रंगाचे. या वाकळीत खरी हळद नाही. भिंतीवर राहणाऱ्या कामात ती घालू नये असं माझं ठाम मत आहे.

मंगळवार

कापड तपासणं. तुकडा चिमटीत घडी घालून नखाने दाबायचा. सुती कापडावर घडी बसते. पॉलिएस्टर मिसळलेलं असेल तर सुटून उभं राहतं, आणि असं कापड पाव इंच आत दुमडताना हातात ठरत नाही. खण दिसायला सुंदर, पण अरुंद पट्टीला घेऊ नये. कातरल्या कडेचे दोरे सुटत जातात आणि पाव इंचाची शिवण निसटते. लाल आणि तपकिरी कापड ओलं करून पांढऱ्या फडक्यावर ठेवून इस्त्री फिरवायची. फडक्याला रंग लागला तर ते कापड पुन्हा धुवायचं. टाके संपल्यावर पाणी मारताना तपकिरी रंग पिवळ्यात उतरला तर मग उपाय नाही.

भरणाला, म्हणजे मधल्या थरांना, जुन्या धोतराचे दोन पदर, पाठीला मऊ झालेलं लुगडं; तिन्ही 15 बाय 15 इंच. चादरीचं कापड भरणाला टाळावं. त्याची वीण घट्ट असते, चार पदरांतून सुई ओढताना बोटं दुखतात आणि टाका मोठा पडायला लागतो.

बुधवार

पट्ट्या 9 इंच लांब. काळपट अडीच इंच, बाकी पाच दीड ते सव्वादोन. सहांच्या रुंदीची बेरीज पावणेबारा. पाच शिवणींत अडीच इंच जातात, उरतात सव्वानऊ. शिवणीची कड नेहमी गडद कापडाकडे दाबायची, नाहीतर फिकट पट्टीखालून गडद रेघ दिसते.

पेव वरून चिकटवल्यासारखं लावण्यापेक्षा तपकिरी कापडात भोक पाडून पिवळं खालून दाखवणं इथे योग्य, कारण पेव हा खड्डाच आहे. शिवाय तपकिरी कड पिवळ्याच्या वर येते, त्यामुळे पिवळ्याखालून तपकिरी दिसायचा प्रश्न मिटतो.

तपकिरी तुकडा साडेतेरा बाय अकरा. त्यावर पेवाची रेघ खडूने काढायची आणि रेघेच्या आत पाव इंच सोडून कातरायचं. पोटाच्या वळणावर दर अर्ध्या इंचाला चीर द्यायची, पण रेघेच्या थोडं अलीकडे थांबायचं. चीर रेघेपर्यंत गेली की दुमडल्यावर तिथे टोक दिसतं आणि दोरे निघतात. चिरा विरळ पडल्या तर वळण गोल न होता कोनाकोनांचं होतं. मान संपून पोट सुरू होतं तिथे तपकिरी कापड आत खांद्यासारखं येतं. त्या जागी चीर देऊ नये. जादा कापड सुईच्या टोकाने आत सारून जवळजवळ टाके घ्यावेत. सबंध कामात नाजूक जागा हीच. खांदे दोन्हीकडे सारखे आले नाहीत तर पेव कलंडलेलं दिसतं.

पट्ट्या जोडून झालेल्या पिवळ्या पॅनलची वरची कड तपकिरीच्या वरच्या कडेशी जुळवून आधी पेव पूर्ण करायचं, मग जमिनीची 3 इंची पट्टी जोडायची. हा क्रम उलटला तर तोंडाच्या दोन कोपऱ्यांत कच्ची कड उघडी राहते. जोडल्यावर वरचा पदर साडेतेरा बाय साडेतेरा होतो. दीड इंच जास्त ठेवला तो टाक्यांसाठी : दाट धावदोरा एवढ्याशा तुकड्यालासुद्धा अर्धा इंच आत ओढतो.

गुरुवार, शुक्रवार

टाके. चारही पदर सपाट पसरून मध्यापासून बाहेर, दोन-दोन इंचांवर उभा-आडवा कच्चा दोरा घातला. हा कंटाळवाणा अर्धा तास वाचवायला गेलं की पाठीवर चुणी पडते, आणि ती कळते ती सगळं शिवून झाल्यावर.

मोठी वाकळ कडेकडून आत शिवत नेतात. तिथे ते बरोबर, कारण पदर जमिनीवर ताणून पसरलेले असतात, कोपऱ्यांवर दगड असतात आणि शिवणारी स्वतः वाकळीवर बसलेली असते. 12 इंचांचा तुकडा हातात धरून शिवायचा असतो, त्याला असा ताण नाही. कडेकडून सुरुवात केली तर कापड पुढे सरकत मध्ये येतं आणि तिथे फुगा धरतो. म्हणून पहिली ओळ पेवाच्या कडेला लागून, तपकिरी भागात, सूतभर अंतर ठेवून. पुढच्या ओळी तिच्याच आकाराने पाव-पाव इंचावर बाहेर बाहेर. या ओळींतून दाबून बसलेली माती दिसायला लागते, आणि त्यासाठी वेगळं चित्र काढावं लागत नाही.

दोरा सुती, दोन पदरी, मेणावरून ओढलेला. एका वेळी 18 इंच. त्याहून लांब घेतला की पिळतो, गाठी पडतात आणि शेवटचा भाग झिजून केसाळ होतो. सुई 7 नंबरची; मोठ्या वाकळीची जाड सुई इथे भोकं ठेवते. एका इंचात 6 टाके पुरेत. टाके लहान असण्यापेक्षा टाका आणि मधली जागा सारखी असणं महत्त्वाचं. गाठ पदरांच्या आत ओढून घ्यायची.

पोटातल्या पिवळ्यावर ओळी नाहीत. हळकुंडांसारखे आडवे-तिरपे, पाऊण इंचाचे तुटक टाके. इथे जपावं लागतं. मातीत दाट आणि पिवळ्यात फार विरळ टाके पडले की पिवळं उशीसारखं वर येतं आणि बाहेरची कड लाटेसारखी होते. थोडा फुगीरपणा हवाच आहे, पेव भरलेलं वाटतं. पण मातीत पाव इंच अंतर असेल तर पिवळ्यात अर्ध्या इंचाहून जास्त मोकळी जागा कुठेही राहू देऊ नये. तुटक टाके अर्ध्या इंचाहून थोड्या कमी अंतरावर ठेवले.

सगळा हिशेब साधारण 520 इंच टाक्यांचा होतो, म्हणजे 13 मीटर. एका दोऱ्यात गाठीची जागा वगळता 13 इंच शिवून होतं, म्हणजे 40 वेळा सुई ओवायची. सवयीच्या हाताला मिनिटाला दीड ते दोन इंच धरले तरी सुई ओवण्यासकट सहा-सात तास लागतात. दोन संध्याकाळींत हे बसतं, पण त्यात दुसरं काहीही बसत नाही. म्हणूनच बुधवारपर्यंत वरचा पदर संपलाच पाहिजे.

शनिवार

काल रात्री पाण्याचा फवारा मारून, जाड टॉवेलवर टाचण्या लावून सपाट वाळत ठेवलं होतं. ओलं असताना ओढून कोन सरळ करता येतात, वाळल्यावर येत नाहीत. मग कातरणं : पेवाच्या मानेचा मध्य धरून दोन्हीकडे सहा-सहा इंच, जमिनीच्या रेघेपासून वर 2 आणि खाली 10. कडेवरून मोजत आलं तर पेव बाजूला सरकतं. घरातल्या एक फुटी फरशीवर माप घेऊ नये. ती 300 मिलीमीटरची असते, 12 इंचांना जवळजवळ 5 मिलीमीटर कमी. काटकोन तपासायला मात्र चालते.

गोटाची पट्टी सव्वा इंच रुंद, 56 इंच लांब, कापडाच्या सरळ धाग्यावर कातरलेली. सरळ कडेला तिरपी पट्टी लावली तर ती ताणली जाते आणि कड वळते. गोट लावण्याआधी पाठीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत 3 इंची चौकोन तिरके दुमडून ठेवायचे. त्यांची कड गोटात आपोआप बसते आणि त्या खिशांत 11 इंची काडी अडकवून वाकळ टांगता येते. कोपऱ्याच्या पाव इंच आधी मशीन थांबवायची, पट्टी वर दुमडून पुन्हा खाली आणायची, मगच पुढची बाजू. पट्टीची दोन टोकं खालच्या बाजूच्या मध्यावर तिरकी जोडायची. जोड कोपऱ्यात आला तर तिथे कापडाचे इतके पदर साचतात की सुई मोडते.

पाठीमागची कड हाताने, लपत्या टाक्याने. या कडेला दीड तास राखून ठेवावा.

रविवार

पाठीला सुती पट्टीवर नाव, विषय, साल आणि 'कोरडं झटकावं, धुऊ नये, उन्हात टांगू नये' एवढं दोऱ्याने लिहून लावलं. पाठवताना घडी घातली नाही, वहीच्या पुठ्ठ्याच्या नळीवर चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळली. चित्र आत ठेवून गुंडाळलं की वरचा पदर दाबला जातो आणि पेवाच्या खांद्यांवर आडव्या सुरकुत्या पडतात.