एका शोधयादीत तीन मॉडेल्स: सीरियलायझर कोणी निवडायचा?

शोधाच्या एकाच यादीत पुस्तक, लेखक आणि लेख मिसळून आले की जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये (पायथनमध्ये वेब एपीआय बांधायची चौकट) पहिला अडसर येतो तो हा: व्ह्यूला, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या कोडला, सीरियलायझर (नोंदीचं जेएसओएनजोगं रूप बनवणारा) क्लास एकच हवा असतो. मग सगळ्या मॉडेल्सची (डेटाबेसमधल्या टेबलांसाठीच्या पायथन क्लासेसची) फील्ड्स एकाच सीरियलायझरमध्ये कोंबली जातात आणि निम्म्या जागी 'नल' जातं. नाहीतर व्ह्यूमध्ये इफ-एल्सची उतरंड रचली जाते. ती चालते, पण मोबाइल ॲपसाठी दुसरा व्ह्यू आला की तीच उतरंड तिथेही चिकटवली जाते.

निवड व्ह्यूत नको, सीरियलायझरमध्येच हवी. एक वरचा सीरियलायझर लिहा, त्यात 'मॉडेल → सीरियलायझर' असा तक्ता ठेवा आणि 'टू_रिप्रेझेंटेशन' (ऑब्जेक्टचं आउटपुट बनवणारी मेथड) ओव्हरराइड करून तिथे ओळीच्या प्रकारानुसार काम पुढे सोपवा. 'मेनी=ट्रू' (एक नोंद नाही, यादी आहे) असं दिलं तरी आतला चाइल्ड सीरियलायझर एकच असतो आणि प्रत्येक ओळीसाठी त्याचीच ही मेथड चालते. त्यामुळे एवढी एक जागा पुरते.

आता खाचाखोचा. प्रत्येक ओळीला नवा सीरियलायझर बनवू नका. मॉडेल सीरियलायझर आपली फील्ड्स पहिल्या वापराच्या वेळी बांधतो, म्हणजे 20 ओळींना 20 वेळा तीच बांधाबांध. प्रकारागणिक एक इन्स्टन्स बनवून डिक्शनरीत ठेवला की तीनात भागतं. मात्र ही डिक्शनरी 'इनिट'मध्ये (इन्स्टन्स बनताना चालणाऱ्या मेथडमध्ये) बनवा, क्लासवर नाही. इन्स्टन्सच्या पोटात कॉन्टेक्स्ट (व्ह्यूकडून येणारी सोबतची माहिती) असतो आणि कॉन्टेक्स्टमध्ये रिक्वेस्ट. क्लासवर ठेवलीत तर पहिल्या वापरकर्त्याची रिक्वेस्ट पुढच्या सगळ्यांच्या गळ्यात पडते. परवानगीनुसार फील्ड दाखवत असाल तर हे नुसतं चुकीचं नाही, धोक्याचं आहे.

कॉन्टेक्स्ट पुढे द्यायलाच विसरलात तर? हायपरलिंक्ड फील्ड निदान एरर देऊन बोंब तरी मारतं. इमेज फील्ड मुकाट्याने '/मीडिया/…' असा अर्धवट पत्ता देतं. फ्रंटएंड वेगळ्या डोमेनवर असेल तर मुखपृष्ठं गायब, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याचा मागमूस नाही.

तक्त्यात शोधताना नेमका क्लास जुळवू नका; प्रॉक्सी (त्याच डेटाबेस-टेबलवरचं दुसरं मॉडेल) किंवा वारशाने आलेलं मॉडेल निसटतं. 'इज-इन्स्टन्स' (ऑब्जेक्ट या क्लासचा किंवा त्याच्या वारसाचा आहे का, ही तपासणी) वापरलंत तर तक्त्यात आधी कोण, यावर निकाल ठरतो. ऑब्जेक्टच्या क्लासची एमआरओ (पायथनने लावलेली पूर्वज-क्लासेसची यादी) क्रमाने चालत जा, सगळ्यात जवळचा पूर्वज आपोआप सापडतो. काहीच न सापडल्यास सरळ एरर फेका. 'डीफॉल्ट' सीरियलायझर ठेवणं म्हणजे चूक झाकून ठेवणं.

तपशील-पानाचा सीरियलायझर शोधासाठी वापरायचा मोह टाळाच. शोधाच्या ओळीला प्रकार, आयडी, शीर्षक, दुवा आणि त्या प्रकाराची दोन-तीन खास फील्ड्स पुरतात. प्रकाराचं नाव पायथन क्लासवरून काढू नका, उद्या क्लासचं नाव बदललं की ॲप मोडतं. आणि पुस्तक 7 व लेखक 7 दोन्ही एका यादीत येणारच. फ्रंटएंडला रिॲक्ट असेल आणि यादीतल्या ओळीची ओळख सांगणारी त्याची 'की' नुसत्या आयडीवर ठेवली तर दोघांची टक्कर होते. 'पुस्तक:7' असा जोड द्या.

इलॅस्टिकसर्चमधून (डेटाबेसबाहेरच्या शोध-इंजिनातून) आयडी येत असतील तर ते प्रकारवार गटात टाका, प्रत्येक गटाला एक 'इन_बल्क' (आयडींवरून नोंदींची डिक्शनरी देणारी मेथड) चालवा आणि शेवटी मूळ क्रमाने पुन्हा मांडा. इथे एक हमखास फसगत आहे: इलॅस्टिकसर्चचा '_आयडी' स्ट्रिंग असतो, 'इन_बल्क'च्या किल्ल्या मात्र पूर्णांक. स्ट्रिंगनेच '.गेट' वापरलंत तर एरर नाही, यादी तेवढी रिकामी. पूर्णांक करून घेतल्यावरही काही ओळी मिळणार नाहीत, कारण डेटाबेसमधून खोडलेली नोंद इंडेक्समध्ये अजून असू शकते. ती गाळा; पानावर 20 ऐवजी 19 दिसले तर दिसू देत.

शोधाचं टेबल पोस्टग्रेस डेटाबेसमध्येच, जेनेरिक फॉरेन कीवर (कुठल्याही मॉडेलकडे बोट दाखवू शकणाऱ्या दुव्यावर) असेल तर 'सिलेक्ट_रिलेटेड' (जोडलेली नोंद त्याच क्वेरीत आणणं) कामाचं नाही. 'प्रीफेच_रिलेटेड' (जोडलेल्या नोंदी वेगळ्या क्वेरीने आधीच आणणं) प्रकारामागे एक क्वेरी करतं, पण पुस्तकाचा लेखक त्यात येत नाही. जँगो 5.0 पासून 'जेनेरिकप्रीफेच'ला प्रत्येक प्रकाराचा स्वतंत्र क्वेरीसेट देता येतो, त्यात 'सिलेक्ट_रिलेटेड' लावा.

टेस्टमध्ये आधी प्रत्येक प्रकाराच्या दोन आणि मग दहा ओळी घालून 'असर्टनमक्वेरीज' (क्वेरींची संख्या तपासणारी मेथड) चालवा. दोन्हीकडे आकडा सारखाच यायला हवा. वाढला, तर कुठल्यातरी सीरियलायझरमध्ये न आणलेलं नातं वाचलं जातंय, बहुधा मेथड फील्डमध्ये.