देवाला न चालणारे झाड

जुळे सोलापुरातल्या आमच्या घराच्या फाटकाशी कुंडीत क्रोटनचे एक झाड आहे आणि त्याच्याविषयी घरात पहिल्या दिवसापासून एकमत नाही. सासूबाईंचे म्हणणे असे की, ज्याचे फूल देवाला चालत नाही आणि पान भाजीला चालत नाही, त्याला काही दिवसांआड येणारे नळाचे पाणी घालायचेच कशाला? सोलापुरात पाण्याच्या बादलीला काय मान आहे, हे ठाऊक असणाऱ्याला हा प्रश्न खोडून काढता येत नाही. मीही तो खोडला नाही. तांदूळ धुतलेले पाणी मुकाट्याने त्याच्या बुडाशी ओतत राहिले.

फूल येतच नाही असे मात्र नाही. बारीक दोऱ्यासारखा तुरा येतो, त्यावर पांढरट नरफुले असतात, मादीफुले त्याच झाडाच्या वेगळ्या तुऱ्यावर असतात. पण एवढ्या रंगीत पानांपुढे त्यांच्याकडे पाहतो कोण? कोवळे पान हिरवे-पिवळे निघते, मग शिरांतून नारिंगी छटा उतरू लागते आणि जून होता होता पान गर्द लाल होते, म्हणजे हे झाड वयाबरोबर रंगत जाते. एका फांदीवरची दोन पाने शेजारी धरून पाहिली, तर त्यांची नक्षी कधीच तंतोतंत जुळत नाही. जॅकार्ड मागावर चादरीची नक्षी जशीच्या तशी पुन्हा विणली जाते. त्या चादरींच्या गावात राहून मला हा बेशिस्तपणा फार आवडतो.

गंमत म्हणजे याचे नावही उसने आहे. 1753 साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने याला क्रोटन या प्रजातीत घातले. जमालगोटा हा त्या प्रजातीतला खरा क्रोटन. पुढे 1824 मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ झ्युसिएने आपल्या झाडाला कोडिएम या वेगळ्या प्रजातीत बसवले, पण रोपवाटिकेत जाऊन कोडिएम मागितले तर माळी तोंडाकडे बघत राहील. कोडिएम हे नाव त्याआधीचे, सतराव्या शतकातल्या रम्फिअस या निसर्ग-अभ्यासकाच्या ग्रंथातले. आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांपैकी अंबोन येथे राहून त्याने तिथल्या वनस्पतींची वर्णने लिहिली आणि 1670 साली त्याची दृष्टी गेल्यावर मदतनिसांच्या साहाय्याने ते काम पुढे चालू ठेवले. इतक्या रंगीत झाडाला आंधळ्या माणसाच्या ग्रंथातले नाव मिळावे, हे मला राहून राहून आठवते.

अशा दमट बेटांकडच्या झाडाला आमचा एप्रिल-मे सोसणे अवघडच. दुपारच्या उन्हात पानांच्या कडा करपतात आणि सावलीत ठेवले तर रंग उडून ते नुसते हिरवे होते. कडुलिंबाच्या आडोशाला, सकाळचे ऊन मिळेल अशी फाटकाजवळची जागा सापडायला मला दोन उन्हाळे लागले. गेल्या एप्रिलमध्ये फाटकाला रंग द्यायचा म्हणून कुंडी मागच्या अंगणात हलवली आणि आठवड्याभरात झाडाने झाडून सारी पाने टाकली. या झाडाला जागा बदललेली खपत नाही, हे मी वाचले होते, पाहिले नव्हते. सासूबाई म्हणाल्या, “बरं झालं, एक बादली वाचली.” मी नखाने खोडाची साल किंचित खरवडली. आत ओले हिरवे दिसले. कुंडी पुन्हा जुन्या जागी नेली आणि पाणी कमी केले. पहिल्या पावसानंतर शेंड्याला पिवळसर कोंब फुटले.

गौरी आल्या तेव्हा झाड पुन्हा भरले होते. सकाळी फाटकाशी कात्रीचा आवाज आला म्हणून पाहिले, तर सासूबाई सात-आठ पाने निवडून कापत होत्या, तीही नेमकी लाल झालेली. “ही पूजेला नाहीत, आरासीला आहेत,” त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. पानांच्या देठांतला चीक त्यांच्या नव्या सुती साडीच्या पदरावर पडला. तो डाग लिंबू चोळूनही गेलेला नाही.