फोन वाचून दाखवतो, तरी दिघ्यात वर्ग कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हल्ली या प्रश्नाला मी नुसतं "चालायचंच" म्हणून विषय बदलते. मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. नवी मुंबईत ऐरोलीला राहते आणि दुपारी शेजारच्या दिघ्यातल्या एका समाजमंदिरात मोठ्या बायकांना लिहाय-वाचायला शिकवते. प्रश्न नेहमी तोच: आता फोनच सगळं वाचून दाखवतो, बोललेलं टाईप करून देतो, मग पन्नाशीच्या बाईला अक्षरं गिरवायला लावून काय मिळवता?

फोन वाचून दाखवतो, खरंय. पण मोठ्याने. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, त्यात बँकेचा मेसेज असो, डॉक्टरची चिठ्ठी असो की माहेरचा निरोप, सगळा सगळ्यांच्या कानावर पडणार. एका मावशींना मी विचारलं होतं, घरात बारावी झालेला मुलगा आहे, तो नाही का वाचून देत? म्हणाल्या, "तो वाचतो म्हणूनच तर शिकायचंय, मॅडम." लाडक्या बहिणीचे १५०० रुपये जमा झाले की आधी त्याला कळतं आणि संध्याकाळपर्यंत त्यातले पाचशे पेट्रोलला जातात. मेसेज येतो इंग्रजीत, म्हणून आम्ही बाराखडीच्या बरोबरीने 'क्रेडिट' आणि 'डेबिट' हे दोन इंग्रजी शब्द नुसत्या रूपावरून ओळखायला शिकतो. शास्त्रशुद्ध पद्धत नाही ही, पण मावशींचं काम भागतं.

सगळ्यांना वाटतं, पहिल्या आठवड्यात मी सही शिकवत असेन. मी ती सगळ्यात शेवटी शिकवते, आणि त्यावरून बायका माझ्यावर रुसतातही. पण मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेली आहे. अंगठ्याचं खातं असलं की खात्याला फोटो, ओळखीचा साक्षीदार, पैसे काढायला पासबुक घेऊन स्वतः यायचं, चेकबुक सहसा नाहीच. त्रास होता, पण एक गोष्ट होती: मजकूर वाचून, समजावून सांगितला असं आम्हाला लिहावं लागे. म्हणजे जबाबदारी आमची. तीच बाई कशीबशी सही करू लागली की कोणी काही वाचून दाखवत नाही. सही केली म्हणजे वाचलं असणार, असं धरून चालतात. बचत गटाच्या कर्जात, शेजारणीच्या हमीपत्रावर अशा सह्या किती पडल्यात, ते वर्गात विषय निघाला की कळतं. नुसती सही येणारी बाई अंगठेवाल्या बाईपेक्षा जास्त अडचणीत असते, हे माझं ठाम मत आहे.

जनगणनेच्या व्याख्येतही नुसती सही बसत नाही. समजून वाचता आणि लिहिता आलं पाहिजे. २०११ मध्ये त्या हिशेबाने महाराष्ट्र ८२ टक्क्यांच्या पुढे होता. फक्त दारात आलेला मोजणीदार कागद हातात देऊन वाचून घेत नाही. घरातलं कोणी सांगेल ते लिहितो, आणि सांगणारा बहुतेक वेळा कोण असतो ते तुम्हाला माहीत आहे.

शिकवण्यात अवघड काय, हाही प्रश्न येतो. अक्षरं नव्हेत, डोळे. चाळिशी उलटलेल्या बाईला जवळचं अंधूक दिसतं, पण तिने कधी जवळून बारीक काही पाहिलेलंच नसतं, फार तर सुईत दोरा ओवताना नातीला हाक मारली असेल. ती म्हणते, "माझ्या डोक्यात शिरत नाही." डोळे तपासून चष्मा आला की शिरायला लागतं. दुसरं म्हणजे पेन्सिल. भांडी घासून निबर झालेली बोटं इतका जोर देतात की टोक मोडतं. पहिले काही दिवस मी पेन्सिल देतच नाही, पाटीवर जाड खडू.

आणि क्रमिक पुस्तकाआधी रेल्वे. ठाणे-वाशी गाडीची स्थानकं क्रमाने घ्या: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. एरवी बाराखडीत बसून राहणारा 'ऐ' इथे रोज कामाला जाताना भेटतो, 'ळ' आणि 'ण' येतात, 'खै'च्या दोन मात्रा येतात, तुर्भ्याला रफार येतो. दिघा गाव स्थानक २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं, तेव्हापासून तर आपल्याच दाराशी पाटी.

दुपारीच का? सकाळची कामं एकला संपतात, संध्याकाळची पाचला सुरू होतात. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी शाळा काढली ती रात्रीची, कारण त्यांच्याकडे येणारे दिवसा राबत. आमच्या बायकांची रात्र स्वयंपाकात जाते, एवढाच फरक.

तुम्हाला स्वतःला शिकवायला यायचं असेल तर सरकारचा 'उल्लास' कार्यक्रम आहे, पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी. स्वयंसेवकाला मानधन नाही. शेवटी वाचन, लेखन, संख्याज्ञान अशी पन्नास-पन्नास गुणांची, मिळून १५० गुणांची परीक्षा असते. परीक्षा बरी आहे. शाळेच्या बाकावर बसून पेपर लिहिण्याचं अप्रूप बायकांना फार असतं.

पण वाचता आल्यावर सगळं गोडच वाचायला मिळतं असं नाही. आमच्यातली एक जण ऐरोलीत एका सोसायटीत पोळ्यांना जाते. वर्षानुवर्षं लिफ्टशेजारी लावलेला कागद तिने गेल्या महिन्यात पहिल्यांदा वाचला: घरकामाच्या बायकांनी ही लिफ्ट वापरू नये. वॉचमन सांगायचा तेव्हा तिला वाटायचं, हा त्याचाच आगाऊपणा. आता तिला सोसायटीला अर्ज द्यायचाय. मला म्हणाली, तुम्ही लिहून द्या. मी नाही म्हटलं. सध्या अर्ज 'मा. सेक्रेटरी यांस' इथवर आलाय. त्यातला 'मा.' ठेवायचा की काढायचा, यावर वर्गात दोन तट पडलेत आणि सोमवारचा सगळा तास त्यातच गेला.