तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी नकाशावर दिसते, पुढे काय?

"मॅडम, हल्ली दोन-अडीच हजारांत जीपीएस मिळतो. नव्या ट्रकमध्ये तर कंपनीच बसवून देते. मग तुमच्यासारख्यांनी वाढायचं कशाच्या जोरावर?"

गाड्यांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा विकणं आणि ती चालती ठेवणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे हा प्रश्न मला सतत विचारला जातो. बँकेचे अधिकारी विचारतात, इंजिनिअरिंगची मुलं विचारतात, लग्नकार्यात भेटलेले नातेवाईकही विचारतात. पण भोसरी-चाकण पट्ट्यातले तरुण डीलर विचारतात तेव्हा त्यात खरी काळजी असते. त्यांनी घरचे पैसे घालून डिव्हाइसचा साठा भरलेला असतो. हे उत्तर मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

मला वाटतं ते आधीच सांगून टाकते. या धंद्यात वाढ होते ती आधी बसवलेल्या गाड्यांमधून. ट्रकमालक दुसऱ्या वर्षी रिन्युअल, म्हणजे सेवा पुढे चालू ठेवण्याचे पैसे, भरतो का, हा एकच आकडा मी पहिला बघते. डिव्हाइस विकून मिळणारा नफा एकदाच मिळतो, तोही दरवर्षी कमी होत चाललाय. या वर्षी शंभर गाड्या बसवल्या आणि त्यातल्या चाळीस पुढच्या वर्षी गळाल्या, तर पुढच्या वर्षीच्या पहिल्या चाळीस गाड्या नुसता खड्डा भरायला जातात. विक्रीची माणसं पळत राहतात आणि कंपनी तिथेच असते. आमचा रिपोर्ट मालकाच्या हिशेबात शिरला तर मालक रिन्युअल भरतो. नकाशावरचा ठिपका त्याला पहिले पंधरा दिवस आवडतो, मग तो ॲप उघडायचं सोडून देतो.

हिशेबात शिरणं म्हणजे काय, ते हॉल्टिंगवरून, म्हणजे गाडी खोळंबल्याच्या भरपाईवरून सांगते.

उरण-न्हावाशेवा पट्ट्यातून कंटेनर घेऊन ट्रेलर चाकणला किंवा रांजणगावला येतो. रात्री अकराला पोचतो, रिकामा होतो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कधी तिसऱ्या दिवशी. करारात ठरलेला वेळ फुकट असतो, त्यापुढे दिवसाला हॉल्टिंग. कागदावर सगळं ठीक असतं. बिल लावायची वेळ आली की कंपनीचा माणूस गेटचं रजिस्टर दाखवतो आणि म्हणतो, तुमची गाडी तर सकाळी आत आली. मालकाकडे ड्रायव्हरच्या तोंडी सांगण्याशिवाय काही नसतं. हॉल्टिंग कापलं जातं, मालक पुढच्या भाड्याच्या भीतीनं गप्प बसतो.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर हद्द आखता येते. गाडी हद्दीत आली की वेळ नोंदते, बाहेर पडली की नोंदते. बहुतेक ठिकाणी ही हद्द ऑफिसात बसून कारखान्याच्या भिंतीभोवती आखली जाते आणि तिथेच काम बिघडतं. कारण गाडी रात्रभर उभी असते ती भिंतीच्या बाहेर, रस्त्याकडेच्या पार्किंगमध्ये किंवा टपरीसमोरच्या मोकळ्या जागेत. भिंतीभोवतीची हद्द कंपनीच्या रजिस्टरचंच म्हणणं खरं करते. म्हणून आमचा माणूस जागेवर जातो, गाड्या खरोखर कुठे थांबतात ते ड्रायव्हरांना विचारतो आणि दोन हद्दी आखतो: एक थांबण्याची, एक गेटची. मग रिपोर्टमध्ये चार वेळांची नोंद येते. रांगेत कधी लागली, आत कधी गेली, बाहेर कधी आली, परतीला कधी निघाली. मालकाच्या ऑफिसातली मुलगी तो कागद एलआरच्या, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीच्या प्रतीला स्टेपल करते आणि बिलाबरोबर पाठवते.

असं कापलेलं हॉल्टिंग एकदा सुटलं की तो मालक रिन्युअलच्या वेळी घासाघीस करत नाही. आमचा खर्च किती? अर्ध्या दिवसाचं पेट्रोल आणि एका माणसाचा वेळ. डिव्हाइस तेच, जे बाजारात कुणाकडेही मिळतं.

ई-वे बिलाचंही, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याचंही असंच. १ जानेवारी २०२१ पासून साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत आहे, आधी ती १०० किलोमीटरला एक दिवस होती. गाडी वाटेत बंद पडली की मुदत संपायला लागते, आणि मुदत वाढवायची तर ती संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच वाढवता येते. गाडी कुठे उभी आहे हे आम्हाला माहीत असतं, बिलाची मुदत मालकाच्या ऑफिसला माहीत असते. या दोन गोष्टी एकत्र आणून वेळेवर फोन करणं ही मालकासाठी मोठी सोय आहे. ज्या डीलरला हे सुचतं, त्याला किमतीवरून भांडावं लागत नाही.

आता डिझेल. मालवाहतुकीच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा डिझेलचा, त्यामुळे डिझेल सेन्सर विकायला सोपा वाटतो. टिकवायला तो तितकाच अवघड आहे. टाकीला भोक पाडून आत दांडी बसवायची, पुढे खरं काम सुरू होतं. टाकी पूर्ण रिकामी करायची, मापाच्या कॅननं वीस-वीस लिटर ओतायचं, डिझेल स्थिर होऊ द्यायचं, सेन्सरचा आकडा तक्त्यात लिहायचा, पुन्हा वीस लिटर. टाकी भरेपर्यंत. यात अर्धा दिवस जातो, गाडी उभी राहते, मालक कुरकुरतो, फिटर घाईत असतो. मग त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचा तक्ता उचलून चिकटवायचा मोह होतो. पण प्रत्येक टाकी निराळी असते. कुठे खालून दगड लागून पोचा आलेला असतो, कुठे टाकीच बदललेली असते. शिवाय खंबाटकी चढताना टाकीतलं डिझेल मागे सरकतं आणि आकडा खाली येतो. सपाटीवर, गाडी उभी असताना घेतलेला आकडाच धरायचा, ही शिस्त सॉफ्टवेअरमध्ये घातली नाही तर घाटात दर फेरीला डिझेलचोरीचा मेसेज जातो.

आणि तो मेसेज जातो एका माणसाविरुद्ध. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चूक आमच्या तक्त्यात असते आणि पगार कापला जातो ड्रायव्हरचा. खोटा आळ एकदा आला की त्या ताफ्यातले सगळे ड्रायव्हर आमच्या डबीला, म्हणजे डिव्हाइसला, वैरी मानतात. वायर तुटते, फ्यूज निघतो, अँटेनावर पत्रा येतो. मालक म्हणतो, तुमचं मशीन सारखं बंद पडतं. ड्रायव्हरला विश्वासात न घेता या धंद्यात कुणी टिकून वाढलेलं मी पाहिलं नाही. आम्ही बसवतानाच ड्रायव्हरमामांच्या फोनवर त्यांचाच रिपोर्ट चालू करून देतो: किती चालवली, किती वेळ गाडी रांगेत अडकली, ॲव्हरेज किती आलं. ॲव्हरेज चांगलं आलं तर त्यांना बक्षीस मिळावं असं मालकाशी आधीच ठरवून घेतो. आणि रांगेत घालवलेली रात्र पहिल्यांदाच त्यांच्या बाजूनं नोंदली जाते.

"पण सरकार सक्ती करतंय ना, मग धंदा आपोआप वाढेल," असं बरेच जण म्हणतात. सक्ती आहे, हे खरं. एआयएस १४० हे ट्रॅकिंग डिव्हाइसचं मानक आपल्या पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेनं प्रसिद्ध केलेलं. १ जानेवारी २०१९ पासून भाड्यानं प्रवासी नेणाऱ्या नव्या वाहनांना ट्रॅकिंग डिव्हाइस आणि पॅनिक बटण लागतं, रिक्षा-ई-रिक्षांना सूट आहे. त्यामुळे डिव्हाइस खूप खपले. पण पासिंगसाठी म्हणून बसवलेली डबी ही पासिंगपुरतीच असते. सर्टिफिकेट मिळालं की मालक विसरतो, सिमची मुदत संपते, पुढच्या पासिंगला जिथे स्वस्त तिथे जातो. हा धंदा करू नका असं मी म्हणत नाही. पगार निघतात त्यातून. त्याला वाढ समजू नका, एवढंच.

अमेरिकेत हे आपल्या आधी घडून गेलंय. तिथे डिसेंबर २०१७ पासून ट्रकचालकांच्या कामाच्या तासांची नोंद इलेक्ट्रॉनिक यंत्रात ठेवणं बंधनकारक झालं, आणि डिसेंबर २०१९ मध्ये जुन्या यंत्रांची सवलतही संपली. एकाएकी लाखो ट्रकांना यंत्र हवं होतं, ढिगानं कंपन्या उतरल्या. २०१५ मध्ये सुरू झालेली समसारा त्याच लाटेत मोठी झाली, पण ती तासांच्या नोंदीवर थांबली नाही. त्याच गाडीत कॅमेरा आणला, अपघात आणि दुरुस्तीचा विषय घेतला, ट्रेलर आणि यंत्रसामग्रीही त्याच पडद्यावर आणली. डिसेंबर २०२१ मध्ये ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली. जुन्याच ग्राहकाला पुढची उपयोगी गोष्ट देत जायचं, ही रीत मला पटते. आपल्या पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर कॅमेऱ्याचा उपयोग कमी नाही. अपघातात चूक कुणाची, यावरून चौकीत ट्रकवाल्याचं ऐकणारं कुणी नसतं.

आता तो दुसरा भाग, कंपनीच बसवून देते त्याचं काय. टाटाचं फ्लीट एज २०२० मध्ये आलं, अशोक लेलँडचं आय-अलर्ट आहे, भारतबेंझचं ट्रकोनेक्ट आहे. ही यंत्रणा चांगली आहे, इंजिनाच्या आतली माहिती तिला थेट मिळते, आणि आमची दोन वायरींची डबी तिच्याशी बरोबरी करू शकत नाही. हे मान्य करूनच पुढचा विचार करायला हवा. पण मालकाचं अंगण बघा. त्यात तीन टाटा, दोन लेलँड, एक आयशर आणि एक जुना ट्रक उभा असतो. त्याला चार ॲप नकोत. मालकाची लेखी संमती घेऊन गाडी कंपनीकडून माहिती घ्यायची, जुन्या गाडीला आपलं डिव्हाइस लावायचं आणि सगळं एका पडद्यावर आणायचं. कॅनडाची जिओटॅब ही ट्रॅकिंग कंपनी जनरल मोटर्स आणि फोर्डच्या गाड्यांची माहिती अशीच थेट घेते. डबी विकली गेली नाही याचं दुःख करत बसणारे डीलर मला भेटतात. मी त्यांना सांगते, गाडीत आधीच डबी आहे म्हणजे आपला फिटर, आपला साठा आणि वायरिंगच्या तक्रारी, तिन्ही वाचले.

मोठ्या कंपन्या या धंद्यात का येतात तेही बघण्यासारखं आहे. २०१९ मध्ये ब्रिजस्टोन या टायर कंपनीनं टॉमटॉमचा गाड्यांच्या माहितीचा विभाग ९१ कोटी युरोंना घेतला. गाडी किती, कशी आणि कुठे चालते हे कळलं की टायर कधी झिजणार ते कळतं. आपल्याकडे ब्लॅकबक या कंपनीनं २०१५ मध्ये भाडी जुळवून देण्यापासून सुरुवात केली, पुढे फास्टॅग, ट्रॅकिंग आणि गाड्यांच्या कर्जाकडे वळली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिची शेअर बाजारात नोंदणी झाली. छोट्या ट्रकमालकाचा पैसा जिथून रोज जातो, तिथे ती जाऊन बसली. छोट्या डीलरनं स्वतः कर्ज वाटायला जाऊ नये, पण टायरवाला, विमावाला, गॅरेजवाला यांच्याशी जोडून घ्यायला हरकत नाही.

एका गोष्टीला मात्र मी ठाम नकार देते. हप्ता थकला की दुरून इंजिन बंद करणारा रिले बसवून द्या, अशी मागणी फायनान्सवाले करतात. ऑर्डर मोठी असते. चालती गाडी घाटात बंद पडली तर काय होईल, हे मी त्यांना विचारते. गाडी उभी असतानाच बंद होईल असं ते सांगतात, पण सिग्नल उशिरा पोचतो हे आम्हाला रोज दिसतं. तशी ऑर्डर मी घेत नाही. तसंच मालकाला न विचारता त्याच्या गाडीची माहिती सावकाराला देणं मला चुकीचं वाटतं, मग कायदा काही म्हणो.

जिल्ह्याजिल्ह्यांत पसरायच्या आधी एक व्यवसाय पूर्ण शिकून घ्या, हेही सांगायचं आहे. सांगली-कोल्हापूरकडचा दूध टँकर घ्या. संकलन केंद्रांच्या वेळा, दूध ४ अंशांच्या आसपास राहणं, वाटेत झाकण उघडलं का, रिकामा टँकर धुवायला लागणारा वेळ, हे सगळं एकदा नीट बसवलं की एका डेअरीचा ठेकेदार दुसऱ्याला सांगतो. तिथे आपल्याला ओळख करून द्यावी लागत नाही. वाळूच्या डंपरवाल्याला यातलं काहीच लागत नाही, त्याचा विषय वेगळा आणि त्याची सक्तीही वेगळी.

तर नव्या डीलरांनो, या महिन्यात एक काम करा. महिनाभर ज्यांनी ॲप उघडलेलं नाही अशा ग्राहकांची यादी काढा आणि त्यांना फोन करा, काही विकायला नाही, फक्त विचारायला. कुणाची गाडी विकली गेली असेल. कुणाचं सिम बंद असेल आणि त्यानं कळवलंच नसेल. बऱ्याच ठिकाणी हिशेब बघणारा माणूस सोडून गेलेला असतो आणि नव्याला पासवर्डच माहीत नसतो. तिथे आपला माणूस पाठवा, त्याला नव्या माणसाशेजारी बसवा आणि पहिलं हॉल्टिंगचं बिल दोघांनी मिळून काढा.